साखरखेर्ड्याखाली टायटॅनियमची खाण का नाही

आपल्या काळ्या मातीत टायटॅनियम आहे, म्हणजे तिच्याखाली टायटॅनियमची खाण असलीच पाहिजे, असं म्हणणारी माणसं आता बुलढाणा जिल्ह्यातल्या साखरखेर्ड्याच्या आसपासही भेटू लागली आहेत. त्यांचं म्हणणं हसण्यावारी नेऊ नये. त्यांच्याकडे पुरावे म्हणून दाखवण्यासारखं बरंच काही आहे. स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकातलं एक वाक्य आहे, नाल्यातली चुंबकाला चिकटणारी वाळू आहे, लोणारच्या मारुतीचा दगड आहे, दगडातल्या टक्केवारीचा हिशेब आहे आणि चीनमधल्या एका प्रचंड खाणीचा दाखलाही आहे. यातली प्रत्येक गोष्ट कमी-अधिक खरी आहे. त्यांतून काढलेला निष्कर्ष मात्र साफ चुकीचा आहे. तो चुकीचा का, हे कुणी नीट सांगितलं नाही, तर उद्या याच निष्कर्षाच्या जोरावर एखादा दलाल लोकांचे सातबारे गोळा करत गावोगाव हिंडेल.

आधी पुस्तकातलं वाक्य घेऊ. ‘टिटॅनिफेरस मॅग्नेटाइट या घटकामुळे रेगूर मृदेला काळा रंग येतो.’ लाखभर मुलांनी पाठ केलेलं, परीक्षेत एका गुणाला विचारलं जाणारं हे विधान. त्यातला अर्धा भाग बरोबर आहे. आपल्या बेसाल्टमध्ये हे खनिज आहे आणि बेसाल्ट झिजून झालेल्या मातीत त्याचे कण उतरतातच. पण मातीचा काळेपणा त्याच्यामुळे आहे, हे पटण्याजोगं नाही. कोकणातला जांभा याच बेसाल्टच्या झिजेतून तयार झाला. झिजताना त्यातली सिलिका, चुना, मॅग्नेशियम पाण्याबरोबर निघून गेले आणि लोह व टायटॅनियम मागे साचले. म्हणजे जांभ्यात ही दोन्ही मूलद्रव्यं आपल्या मातीपेक्षा जास्त, तरी जांभा तांबडा. उलट तमिळनाडूत काही ठिकाणी ग्रॅनाइटच्या कुळातल्या नाइस खडकावरही काळी माती तयार झाली आहे, जिथे बेसाल्टचा पत्ताच नाही. रंगाचं मुख्य कारण आहे ती फुगणारी, भेगाळणारी चिकणमाती आणि तिच्या पापुद्र्यांना घट्ट धरून बसलेला कुजलेला सेंद्रिय अंश. हा अंश सहसा एक टक्क्याच्याही आत असतो, पण चिकणमातीशी असा काही जखडलेला असतो की सगळ्या मातीला काळं करून टाकतो. तेव्हा काळ्या रंगावरून खाली धातू आहे असं अनुमान काढणाऱ्याचा पायाच चुकलेला आहे. हे वाक्य पुस्तकांतून आता काढून टाकायला हवं.

दुसरा पुरावा जास्त भक्कम वाटतो, कारण तो हातात घेता येतो. बिघडलेल्या स्पीकरचं चुंबक पोरं नाल्याच्या वाळूतून फिरवतात. बाहेर काढावं तर त्याला काळ्या बारीक कणांच्या मिशा फुटलेल्या असतात. कण झटकले तरी निघत नाहीत, बोटाने खरवडावे लागतात. हे कण खरोखरच टायटॅनियमयुक्त मॅग्नेटाइटचे आहेत. पण हाच प्रयोग मेहकरला करा, चिखलीला करा, जालन्याला, नाशिकला, साताऱ्याला करा. सगळीकडे त्याच मिशा. पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलेल्या दख्खनच्या बेसाल्टमधल्या जवळजवळ प्रत्येक ओढ्यात चुंबकाला हेच चिकटणार. खाणीचे समर्थक याला साठ्याचा पुरावा म्हणतात. मला तो साठा नसल्याचा पुरावा दिसतो. साठा म्हणजे एका ठिकाणी गोळा होणं. शिलारसातलं लोह-टायटॅनियम एका थरात गोळा झालं असतं तर उरलेला खडक त्या मानाने कोरा पडला असता. इथे ते प्रत्येक मुठीत सारखंच सापडतं, याचा अर्थ ते कधी गोळा झालंच नाही.

ते का झालं नाही, हा सगळ्या वादाचा गाभा आहे, म्हणून त्यावर जरा रेंगाळतो.

सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी आपल्याकडे लाव्हाचे प्रवाह एकावर एक पसरत गेले. लोणारच्या विवराच्या कडेने खाली उतरताना असे पाच-सहा प्रवाह एकावर एक रचलेले दिसतात, प्रत्येकाची जाडी पाच मीटरपासून तीसेक मीटरपर्यंत. आपल्याकडे विहीर खणणाऱ्यालाही हे ठाऊक आहे: माती, मुरूम, काळा पाषाण आणि मधूनच गेरूसारखा लाल थर, म्हणजे दोन प्रवाहांमधल्या काळात झिजलेला माथा. उघड्यावर पसरलेला एवढ्या जाडीचा प्रवाह काही वर्षांत, फार तर काही दशकांत गोठतो. त्या गोठण्याचा क्रम महत्त्वाचा आहे. आपल्या जातीच्या, कोरड्या आणि ऑक्सिजन बेताचाच असलेल्या बेसाल्टी रसात आधी फेल्डस्पार आणि पायरॉक्सिन यांचे स्फटिक बनतात. त्यांच्यात लोह कमी आणि टायटॅनियम अगदीच थोडं जातं, म्हणून उरलेला रस या दोघांनी अधिकाधिक श्रीमंत होत जातो. मॅग्नेटाइटची पाळी उशिरा येते. तोवर लाव्हाचा अर्धाअधिक भाग स्फटिकांनी भरून गच्च झालेला असतो. मग फेल्डस्पारच्या काड्यांच्या फटींत जिथे रस अडकला तिथेच मॅग्नेटाइटचा बारीक कण तयार होतो आणि तिथेच कायमचा राहतो. पाण्याच्या तुलनेत त्याची घनता पाचच्या आसपास, भोवतालच्या रसाची पावणेतीन. तो बुडायला हवा, हे खरं. पण बुडायला मोकळी जागाच उरलेली नसते. शिवाय त्याचा आकार मिलिमीटरच्या शंभराव्या ते दहाव्या भागाइतका. द्रवात बुडण्याचा वेग कणाच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. एक मिलिमीटरच्या कणापेक्षा पन्नास पट लहान कण अडीच हजार पट सावकाश बुडतो. एवढा वेळ त्या प्रवाहाला मिळालाच नाही.

कुणी म्हणेल, स्फटिक बुडाले नसतील, पण लोहाने जड झालेला रसच वेगळा होऊन खाली साचला असेल. हा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर दख्खनच्याच दगडांत मिळालेलं आहे. ए. दे यांनी १९७४ मध्ये दख्खनच्या बेसाल्टमध्ये असा वेगळा झालेला रस दाखवून दिला. एक लोहाने भरलेला, दुसरा सिलिकेने भरलेला. तेल आणि पाण्यासारखे न मिसळणारे. पण ते सापडले कुठे? स्फटिकांच्या फटींतल्या काचेत, सूक्ष्मदर्शकाखाली दिसणाऱ्या थेंबुल्यांच्या रूपात. वेगळं होण्याची प्रक्रिया सुरू झाली आणि थेंब एकमेकांना भेटण्याआधीच सगळं गोठलं.

आता जिथे साठा झाला ती ठिकाणं पाहा. दक्षिण आफ्रिकेतल्या बुशवेल्ड संकुलात २०५ कोटी वर्षांपूर्वी शिलारस जमिनीखालीच अडला, कित्येक किलोमीटर जाड साचला आणि वरच्या कवचाच्या आवरणाखाली अतिशय सावकाश निवला. त्याच्या वरच्या पट्ट्यात जवळजवळ शुद्ध मॅग्नेटाइटचे वीसेक थर आहेत. मुख्य थर माणसाच्या उंचीएवढा जाड, व्हॅनेडियमने समृद्ध. त्याचा तळ सुरीने कापल्यासारखा रेखीव, खाली पांढुरका फेल्डस्पारचा खडक आणि त्यावर एकदम काळं धातुक. वरची सीमा मात्र हळूहळू विरत जाते. हे थर वरून कण बुडून बनले की तळाशीच स्फटिक वाढत जाऊन बनले, यावर भूवैज्ञानिकांत आजही वाद आहे. थरात तळापासून वर जाताना क्रोमियम झपाट्याने घटतं, हा तळाशी वाढ झाल्याच्या बाजूचा पुरावा. पण दोन्ही पक्षांना एक गोष्ट मान्य आहे: रस खोलवर, मोठ्या साठवणीत, दीर्घकाळ पातळ राहिला पाहिजे. पूर्व ग्रीनलंडमधलं स्केरगार्ड हे याच प्रक्रियेचं सर्वांत अभ्यासलेलं उदाहरण. वेजर आणि डीअर यांनी १९३९ मध्ये त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं. बुशवेल्डच्या मानाने ते खूपच लहान, तरी त्याला निवायला लाखभर वर्षं लागली असावीत असा अंदाज आहे. कॅनडातलं लॅक टिओ आणि नॉर्वेतलं टेलनेस हे दोन मोठे इल्मेनाइटचे (लोह-टायटॅनियमच्या खनिजाचे) साठेही फेल्डस्पारने भरलेल्या खोल अंतर्भेदी खडकांच्या परिसरातले आहेत, लाव्हाच्या प्रवाहांतले नाहीत. टेलनेसच्या धातुकात टायटॅनियम डायऑक्साइड सुमारे १८ टक्के, लॅक टिओच्या धातुकात ३० टक्क्यांच्या वर. आपल्या बेसाल्टमध्ये दोन ते तीन टक्के.

याच आकड्यावर तिसरा युक्तिवाद उभा राहतो. दोन-अडीच टक्के म्हणजे काय थोडे झाले, असं विचारतात, आणि हिशेब मांडून दाखवतात. तो हिशेब मीच करून देतो. एक एकर जमीन, खाली तीस मीटर बेसाल्ट. सुमारे साडेतीन लाख टन दगड. अडीच टक्क्यांनी त्यात आठ हजार आठशे टन टायटॅनियम डायऑक्साइड. गुणाकार बिनचूक आहे. पण ते मिळवायचं तर साडेतीन लाख टन काळा पाषाण फोडून पिठाहून बारीक दळावा लागेल, कारण कणच तेवढे बारीक आहेत. दळल्यावरही सगळं टायटॅनियम मॅग्नेटाइट-इल्मेनाइटमध्ये नसतं. काही भाग पायरॉक्सिनच्या जाळीत बसलेला असतो, तो चुंबकाने वेगळा होत नाही. जो मॅग्नेटाइट हाती लागेल त्यात लोह आणि टायटॅनियम एकाच स्फटिकात गुंतलेले. तो साध्या झोतभट्टीत घातला तर टायटॅनियममुळे मळी दाट होऊन भट्टी अडते. पृथ्वीच्या कवचात टायटॅनियम मुबलकतेत नवव्या क्रमांकाचं मूलद्रव्य आहे, ते नाही असा खडक शोधणंच कठीण. म्हणून टक्केवारीला एकरांनी गुणून खाण सिद्ध होत नाही. तशी ती झाली असती तर निम्मा महाराष्ट्र खाण ठरला असता.

लोणारच्या बाबतीत मात्र फार लिहिण्याची गरज नाही. तिथल्या निद्रिस्त मारुतीच्या मूर्तीचा दगड चुंबकीय आहे, असं सांगतात. बेसाल्टच्या दगडाने होकायंत्राची सुई हलणं यात अचंबा नाही, कारण मॅग्नेटाइट त्यात आहेच. अशनीने लोखंड आणून पेरलं असंही म्हटलं जातं. पण १.८ किलोमीटरचं विवर पाडणाऱ्या त्या आघातात अशनीचा बहुतेक ऐवज वितळून, वाफ होऊन उधळला गेला. त्यातून लोह-टायटॅनियमचं धातुक तयार होण्याचा संबंधच नाही.

याच बारीक कणांची खरी थोरवी वेगळी आहे, आणि ती कुणी गावात सांगत नाही याचं मला वाईट वाटतं. लाव्हा निवताना मॅग्नेटाइटच्या या कणांचं चुंबकत्व त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या दिशेत जखडलं जातं, आणि कण बारीक असला की ती दिशा कोट्यवधी वर्षं टिकते. मोठे, खाणीला हवे असतात तसे भरड कण ही आठवण इतकी चांगली धरून ठेवत नाहीत. क्लेग, डॉइच आणि ग्रिफिथ्स यांनी १९५६ मध्ये दख्खनच्या बेसाल्टमधली ही दिशा मोजून प्रसिद्ध केली. तिच्यातून निघालं की हा दगड गोठला तेव्हा भारत विषुववृत्ताच्या बराच दक्षिणेला होता. खंड सरकतात ही गोष्ट बहुतेक शास्त्रज्ञ मानत नव्हते, त्या काळातलं हे काम. आपल्या बांधावरच्या दगडाने त्या वादात साक्ष दिली.

आता प्रतिपक्षाचा सर्वांत बळकट मुद्दा, ज्याला टाळून पुढे जाणं अप्रामाणिक ठरेल. चीनच्या सिचुआन प्रांतात पांझिहुआ इथे व्हॅनेडियमयुक्त टायटॅनियम-मॅग्नेटाइटचा प्रचंड साठा आहे, जगातल्या टायटॅनियमचा फार मोठा वाटा तिथून येतो. आणि तो साठा एमेइशान नावाच्या, आपल्यासारख्याच लाव्हाच्या पठाराशी निगडित आहे. सुमारे २६ कोटी वर्षांपूर्वीचा तो उद्रेक. मग एमेइशानला जमलं ते दख्खनला का नाही?

एमेइशानच्या लाव्हा प्रवाहांनाही ते जमलेलं नाही, हे त्याचं उत्तर. पांझिहुआचं धातुक त्या लाव्हात सापडत नाही. ते सापडतं लाव्हाच्या वाटेवर, खाली अडकून राहिलेल्या गॅब्रो खडकाच्या एका भेदी पट्ट्यात. जवळजवळ एकोणीस किलोमीटर लांब आणि दोनेक किलोमीटर जाड असा हा पट्टा आहे. त्याच्या खालच्या भागात धातुकाचे जाड थर आहेत. त्याच्या भोवती डोलोमाइटचे जुने खडक होते. ते तापून निघालेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे रसातलं ऑक्सिजनचं प्रमाण वाढलं आणि मॅग्नेटाइट लवकर, म्हणजे रस अजून पातळ असतानाच, स्फटिकू लागला, असं काही अभ्यासकांचं मत आहे. हे मत धरलं काय, न धरलं काय, नंतरच्या उंचावण्याने आणि झिजेने वरचं सगळं निघून तो खोल पट्टा उघडा पडला, हे तर डोळ्यांना दिसतं. साखरखेर्ड्याला आपण उभे आहोत ते लाव्हाच्या माथ्यावर. लोणारच्या परिसरात हा लाव्हा सहाशे-सातशे मीटर जाड आहे. किल्लारीला १९९३ च्या भूकंपानंतर ६१७ मीटर खोल छिद्र घेतलं. ३३८ मीटर बेसाल्ट, त्याखाली आठेक मीटर गाळाचा खडक, मग जुना पाया. कोयनेला एका छिद्रात ९३३ मीटर बेसाल्टनंतर थेट ग्रॅनाइट-नाइस लागला. दोन्हीकडे प्रवाहावर प्रवाह, आणि तळाशी लाव्हाहून कितीतरी जुना पाया. दख्खनच्या घटनेतले गॅब्रोसारखे खोल खडक पाहायचे असतील तर गुजरातेत गिरनार आणि फेणाई माता इथे, राजस्थानात मुंडवारा इथे जावं लागतं. पांझिहुआचं नाव घेऊन दख्खनमध्ये कुणी शोध घेणार असेल तर त्याने तिथे घ्यावा. नाल्यातल्या वाळूचा कण बेसाल्टमधून आलेला आहे, त्याच्या खालच्या कुठल्याही खडकाबद्दल तो काही सांगू शकत नाही.

महाराष्ट्रात लोह-टायटॅनियमचे खरे साठे आहेतही. ते दोन वेगळ्या वाटांनी झाले. पूर्वेला, बेसाल्टची चादर संपते तिथे, गोंदिया जिल्ह्यातल्या जुन्या खडकांत व्हॅनेडियमयुक्त धातुकाची नोंद आहे. याच जातीचे साठे सिंगभूम आणि मयूरभंजमध्ये आहेत, त्यांच्यावर डन आणि डे यांनी १९३७ मध्येच सविस्तर लिहून ठेवलं. ही झाली खोल शिलारसाची वाट. दुसरी वाट रत्नागिरीच्या किनाऱ्याची, आणि ती आपल्याला जास्त जवळची. काळबादेवी, मिऱ्या, रत्नागिरी इथल्या वाळूत आणि समोरच्या समुद्रतळावर इल्मेनाइट भरपूर आहे. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने त्याचं सर्वेक्षण केलेलं आहे. हे इल्मेनाइट आलं कुठून? सह्याद्रीच्या बेसाल्टमधूनच. म्हणजे आपल्याच जातीचा दगड, तेच विखुरलेले कण. शिलारसाने जे केलं नाही ते तिथे पावसाने, नद्यांनी आणि लाटांनी केलं: दगड कुजवला, कण सुटे केले, आणि हजारो वर्षं पाखडत हलकं वाहून नेलं, जड मागे ठेवलं. साखरखेर्ड्याच्या नाल्यातही पावसाळ्यानंतर वळणावर काळी रेघ उमटते ती याच नियमाने. पण ती बोटभर जाडीची आणि पुढच्या पुरात मोडणारी. तिला समुद्र मिळालेला नाही.

एवढं सगळं सांगूनही कुणाच्या मनात शंका उरली, तर कायद्याची एक गोष्ट लक्षात असू द्यावी. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ४८ प्रमाणे जमिनीवरच्या आणि जमिनीखालच्या सर्व खनिजांवरचा हक्क राज्य सरकारकडे राखून ठेवलेला आहे. शेताचा मालक खालचं टायटॅनियम विकू शकत नाही आणि दलाल ते विकत घेऊ शकत नाही. ‘खनिज हक्काचा करार’ म्हणून विसारापोटी काही रक्कम घेतली-दिली जात असेल, किंवा तपासणीच्या नावाखाली शेतकऱ्याकडूनच पैसे मागितले जात असतील, तर त्या कागदाला काही अर्थ नाही. या पट्ट्यातून आज खरोखर निघणारं आणि विकलं जाणारं खनिज म्हणजे गिट्टी आणि मुरूम, तेही गौण खनिज म्हणून परवाना घेऊन आणि स्वामित्वधन भरून. असा करार घेऊन कुणी दारात आला, तर सही करण्याआधी तो कागद बुलढाण्याला जिल्हाधिकारी कार्यालयाच्या खनिकर्म शाखेत नेऊन दाखवावा, आणि आणणाऱ्याला एवढंच विचारावं की खोदलेल्या छिद्राचा गाभा कुठे आहे, आणि त्यात धातुकाचा थर किती मीटर जाडीचा निघाला.